सव्वापाचनं द्यायचे अन् साडेदहानं उचलायचे?

पत्र : सप्रेम नमस्कार. लातूरला आमची डाळमिल आहे. भागीदारी फर्म, मी आणि थोरले बंधू. गावातलं जुनं गोदाम जागेसकट नोव्हेंबरात विकलं. सीएच्या हिशेबानं पन्नास लाखांच्या आसपास नफा निघतो. तो म्हणतो, सगळे आरईसी या सरकारी कंपनीच्या बाँडमध्ये टाका, टॅक्स वाचेल. बंधू म्हणतात, "सरकारला सव्वापाच टक्क्यांनी द्यायचे अन् बँकेकडून साडेदहानं उचलायचे, ह्याला धंदा म्हणतात का?" मला दोघांचंही पटतं, हीच अडचण. त्यात पेपरात वाचतो की मोठमोठ्या कंपन्या, विमावाले रस्त्यांचे, रेल्वेचे बाँड हजारो कोटींनी घेतात. त्यांना देशसेवेचा उमाळा आलाय का? की त्यातून टेंडरं मिळतात? का सरकारच मागे लागून घ्यायला लावतं? आमच्यासारख्यांनी घ्यावेत का, स्पष्ट सांगा. पुतण्या मोबाइलवर अकरा टक्क्यांचे 'इन्फ्रा बाँड' दाखवतोय, त्याचंही सांगा.
एक डाळमिलवाला, लातूर

नमस्कार.

पत्र वाचून पहिल्यांदा तुमच्या थोरल्या बंधूंना मानलं. बाँड विकायला येणारे एजंट जो प्रश्न शिताफीनं टाळतात, नेमका तोच त्यांनी विचारलाय. त्याचं उत्तर आकड्यांतच द्यावं लागेल, तेही तुमच्या फर्मच्या आकड्यांत. आधी बड्या कंपन्यांचं सांगतो. त्यांचं गणित कळलं की तुमचं निम्मं सुटेल.

देशसेवेचा उमाळा वगैरे काही नाही. भागधारकांचा पैसा देशप्रेमापोटी कमी व्याजात अडकवला, तर संचालकांना सर्वसाधारण सभेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. टेंडरचाही संबंध नाही. जालन्याच्या कारखान्यातली सळई एखाद्या पुलाला लागते ती भाव आणि दर्जा बघून. कारखानदारानं महामार्गाचे बाँड घेतलेत का, हे ठेकेदार विचारत नाही. आणि प्रत्येक मोठ्या रस्त्यामागे बाँडच असतो असंही नाही. जालना आणि संभाजीनगरवरून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुख्यतः बँकांच्या कर्जावर आणि राज्याच्याच महामंडळांनी घातलेल्या भांडवलावर उभा राहिला.

मग हे बाँड घेतं कोण? सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आयुर्विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी. विमा कंपनीनं आज तिशीतल्या माणसाला पॉलिसी विकली, तर पैसे द्यायची वेळ वीस-पंचवीस वर्षांनी येते. तोवर हप्ते जमत राहतात. हा पैसा वर्षावर्षाच्या ठेवींत फिरवत बसलं, तर दर वर्षी नवा दर, नवी धाकधूक. पुढं व्याजदर पडले आणि पॉलिसीधारकाला कबूल केलेली रक्कम जुन्या चढ्या दरावर बेतलेली असली, की कंपनी गोत्यात. म्हणून तिला पंधरा-वीस वर्षांचा, आजच व्याज ठरलेला कागद हवा असतो. दुसऱ्या बाजूला रस्ता, वीजवाहिनी, रेल्वेचे डबे यांनाही असाच लांब मुदतीचा पैसा लागतो, कारण यांची वसुली टोलातून, बिलातून, भाड्यातून वीस-वीस वर्षं थेंबाथेंबानं होते. दोघांची गरज एकमेकांना चपखल बसते.

तुम्ही विचारलंत, सरकार घ्यायला लावतं का? विमा कंपन्यांपुरतं उत्तर 'हो' असं आहे. आयुर्विमा कंपन्यांनी गुंतवणुकीतला किमान १५ टक्के हिस्सा घरबांधणी आणि पायाभूत सुविधांत ठेवला पाहिजे, असा विमा नियामकाचा नियमच आहे. २०१५ च्या मार्चमध्ये एलआयसीनं पाच वर्षांत दीड लाख कोटी रुपये रेल्वेत घालण्याचा करार केला, तो बराचसा बाँडांच्याच वाटेनं. आयआरएफसी ही रेल्वेची अर्थसंस्था १९८६ मध्ये याच कामासाठी निघाली. ती बाजारातून बाँड विकून पैसा उभा करते, त्यातून इंजिनं, डबे, वाघिणी घेते आणि रेल्वेला भाडेपट्ट्यानं देते.

बँकांचं दुखणं वेगळं. लोक ठेव ठेवतात वर्षा-दोन वर्षांची आणि रस्त्याचं कर्ज द्यावं लागतं पंधरा वर्षांचं. म्हणून रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१४ मध्ये बँकांनाच लांब मुदतीचे पायाभूत बाँड काढायची परवानगी दिली आणि त्या पैशावर सीआरआर, एसएलआर (ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडं आणि सरकारी रोख्यांत बाजूला ठेवणं) राखायची सक्ती काढली. डिसेंबर २०२२ मध्ये स्टेट बँकेनं असे १०,००० कोटींचे बाँड विकले. मुदत १० वर्षं, व्याज ७.५१ टक्के. घेणारे पुन्हा तेच : भविष्य निर्वाह निधी, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड आणि काही कंपन्या.

तुमच्या मिलमधल्या कामगारांचा जो पीएफ तुम्ही दर महिन्याला भरता, त्यातलाही काही हिस्सा सरकारी कंपन्यांच्या अशाच रोख्यांत जातो. म्हणजे तुमची फर्म नकळत या गाड्यात आधीपासून बसलेली आहे.

राहिल्या साध्या, माल बनवणाऱ्या कंपन्या. त्यांच्यात बाँड घेण्याचं मुख्य कारण असं की हातात पैसा आहे, पण तो लागणार आहे तीन-चार वर्षांनी. नवा प्लँट टाकायचाय, जागा मिळायचीय, पर्यावरणाची मंजुरी अडकलीय. तोवर करंट खात्यात पैसा कुजवण्यापेक्षा सरकारी कंपनीचा, वरच्या मानांकनाचा रोखा बरा. सरकारी रोख्यापेक्षा थोडं व्याज जास्त, आणि गरज पडली तर बाजारात विकता येतो. पूर्वी करमुक्त बाँडही मिळायचे. महामार्ग प्राधिकरण, आयआरएफसी, आरईसी, हुडको अशा संस्थांनी ते काढले होते आणि त्यांचं व्याज पूर्ण करमुक्त असायचं. पैसेवाल्या फर्मा त्यावर तुटून पडायच्या. २०१५-१६ नंतर नवे निघालेले नाहीत. आता मिळतात ते शेअर बाजारात, जुन्या धारकाकडून आणि चढ्या किमतीला.

शेवटचं कारण भांडवली नफ्याचा कर. तुमच्या सीएनं सांगितलेला बाँड या शेवटच्या खणातला आहे.

आयकर कायद्याचं कलम ५४ ईसी. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक वेगळा आहे, पण सीए मंडळी अजून काही वर्षं '५४ ईसी'च म्हणणार.) जमीन किंवा इमारत दोन वर्षांहून जास्त काळ धरून विकली, तर होणारा नफा सहा महिन्यांच्या आत ठरावीक संस्थांच्या बाँडमध्ये घालायचा. मर्यादा ५० लाख, मुदत ५ वर्षं. तेवढ्या नफ्यावर कर नाही. पूर्वी महामार्ग प्राधिकरणाचे बाँडही या कलमात मिळायचे, पण प्राधिकरणानं २०२२ पासून ते बंद केले. त्यामुळे 'आपला पैसा रस्त्याला लागेल' असं कुणी सांगितलं असेल तर ते आता खरं नाही. सध्या आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी वित्तसंस्था आहेत, आणि २०२५ मध्ये हुडको आणि इरेडा या दोघांची भर पडली. आरईसी १९६९ साली खेड्यापाड्यांत आणि शेतपंपांना वीज पोचवण्यासाठी निघाली. आज ती राज्यांच्या वीज कंपन्यांना वाहिन्या, उपकेंद्रं, वीजप्रकल्प यांसाठी कर्ज देते. तुमचे ५० लाख त्या मोठ्या हौदात पडतील. लातूरच्या उपकेंद्राला गेले की आसामातल्या, हे कुणी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका.

व्याज सव्वापाचच का? आरईसीचे साधे बाँड बाजारात सात टक्क्यांच्या आसपास विकले जातात, मग तुम्हालाच कमी का? कारण उरलेला मोबदला तुम्हाला करमाफीच्या रूपानं आधीच मिळालेला असतो, आणि हे आरईसीला पक्कं ठाऊक आहे. थोडक्यात, सरकार आपला कर सोडतं आणि त्या सोडलेल्या कराच्या जोरावर आपल्याच कंपनीला स्वस्त पैसा मिळवून देतं. फर्मला त्यात काय उरतं ते आता मांडू.

नफा पूर्ण ५० लाख धरतो. फर्मचं एकूण उत्पन्न कोटीच्या आत धरतो, म्हणजे अधिभार नको. जुलै २०२४ नंतरच्या विक्रीवर दीर्घकालीन नफ्याचा कर १२.५ टक्के, म्हणजे ६.२५ लाख. वर ४ टक्के उपकर, २५ हजार. एकूण ६.५० लाख.

वाट पहिली, बाँड. ५० लाखांवर ५.२५ टक्क्यांनी वर्षाला २,६२,५०० व्याज. हे व्याज करमुक्त नाही, इथं बरेच जण फसतात. फर्मला ३० टक्के आणि उपकर धरून ३१.२ टक्के कर, म्हणजे ८१,९०० गेले. हातात १,८०,६००. पाच वर्षांत ९.०३ लाख. मुद्दल मिळून ५९.०३ लाख.

वाट दुसरी, बंधूंची. साडेसहा लाख कर भरून टाकायचा आणि उरलेले ४३.५० लाख सीसीत, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जखात्यात भरायचे. साडेदहा टक्क्यांनी वर्षाला ४,५६,७५० व्याज वाचलं. पण बँकेचं व्याज हा तुमचा खर्च होता आणि तेवढा तुमचा करपात्र नफा कमी होत होता. खर्च गेला की नफा फुगला आणि त्यावर पुन्हा ३१.२ टक्के कर. निव्वळ बचत ३,१४,२४४. पाच वर्षांत १५.७१ लाख. मिळून ५९.२१ लाख.

५९.०३ आणि ५९.२१. पाच वर्षांत फरक १८ हजारांचा. व्याजावर व्याज धरलं तर बंधूंची वाट लाख-सव्वा लाखानं पुढं जाते, तरीही ५० लाखांच्या व्यवहारात हे फार नाही. तुम्हाला दोघांचंही पटत होतं ते उगाच नव्हतं.

मात्र या हिशेबात मी एक गोष्ट गृहीत धरली, आणि सगळा निकाल तिच्यावरच लागतो : तुमची सीसी बाराही महिने किमान साडेत्रेचाळीस लाखांनी वापरात आहे.

बँकेतली माझी बरीच नोकरी सीसी खाती बघण्यात गेली. डाळमिलच्या खात्याची चाल जवळपास ठरलेली असते. डिसेंबरअखेर नवी तूर सौद्याला यायला लागली की खातं लाल होत जातं. मागोमाग हरभरा येतो आणि मार्चमध्ये मर्यादा गळ्याशी लागते. मालक शाखेत येऊन तात्पुरती वाढ मागतो, स्टॉक स्टेटमेंट दोनदा द्यायला लागतं, ड्रॉइंग पॉवरवरून (मालाचा साठा बघून बँक किती उचलू देते त्यावरून) मॅनेजरशी वाद होतो. मग डाळ विकली जाते, उधारी वसूल होते, आणि पावसाळ्यात त्याच खात्यात कधी कधी जमा शिल्लक दिसते. दिवाळीपर्यंत बँकेला या खात्यातून व्याज फारसं मिळतच नाही.

तुमचंही असंच असेल आणि सीसी वर्षातून सातच महिने खऱ्या अर्थानं वापरात असेल, तर दुसऱ्या वाटेची बचत १५.७१ वरून ९.१६ लाखांवर येते. एकूण ५२.६६ लाख. उरलेल्या पाच महिन्यांत तोच पैसा छोट्या मुदतीच्या ठेवीत ठेवला तरी बेरीज ५६ लाखांच्या आतच राहते. इथं बाँड तीन लाखांनी सरळ पुढं. माझ्या हिशेबानं सीसी वर्षातले दहा-अकरा महिने भरलेली राहत असेल, तरच कर भरून कर्ज फेडण्यात अर्थ आहे.

म्हणून आज-उद्या मुनीमजींना मागच्या तीन वर्षांचा सीसीचा खातेउतारा काढायला सांगा. प्रत्येक महिन्याच्या १० आणि २५ तारखेची बाकी एका कागदावर उतरवून घ्या. तासाभराचं काम आहे. त्या आकड्यांत ४३ लाखांच्या खाली गेलेले महिने किती, ते मोजा. मी सांगून किंवा सीएनं सांगून ठरवण्यापेक्षा तो कागद बंधूंसमोर ठेवा.

याला एक अपवाद. सीझनमध्ये मर्यादा संपल्यामुळं सौद्यात चांगला माल हातचा जातो, असं दर वर्षी होत असेल, तर तुमच्या पैशाची किंमत साडेदहा टक्के नाही. त्या न घेतलेल्या तुरीवर जे सुटलं असतं ती आहे. तसं असेल तर बाँड विसरा, मुकाट्यानं कर भरा आणि पैसा धंद्यात घाला. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. पैशाची चणचण असती तर पत्राचा सूर वेगळा असता.

आता पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण मला खटकलं ते. गोदामाची जागा होती कुणाच्या नावावर? आपल्याकडं वडिलांनी किंवा आजोबांनी स्वतःच्या नावावर जागा घेतलेली असते आणि वापरते फर्म. मालमत्ता पत्रक आणि खरेदीखत उघडून बघा. फर्मच्या नावावर असेल तर मर्यादा फर्मला मिळून ५० लाख. दोघे भागीदार आहात म्हणून कोटीची मर्यादा होत नाही. तुम्हा भावांच्या व्यक्तिशः नावावर असेल तर प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यापुरती वेगळी मर्यादा. शिवाय वैयक्तिक मालकाला जुन्या पद्धतीनं, महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर मोजायची मुभा आहे आणि घर घेऊन सूट मिळवायची वाटही आहे. फर्मला यातलं काहीच नाही. बाँड ज्याची मालमत्ता त्याच्याच नावावर घ्यायचे.

दुसरं, गोदामाच्या इमारतीवर फर्म घसारा, म्हणजे इमारत जुनी होते म्हणून दर वर्षी खर्चाला लावायची वजावट, घेत होती का? डाळमिलचं गोदाम म्हटल्यावर घेतच असणार. घसारा घेतलेल्या इमारतीचा नफा कायदा अल्पकालीन मानतो, तुम्ही ती चाळीस वर्षं वापरली असलीत तरी. त्यावर १२.५ नाही, फर्मचा ३० टक्क्यांचा दर लागू शकतो. जमिनीचं तसं नाही, तिच्यावर घसारा नसतो. म्हणून विक्रीची किंमत जमीन आणि बांधकाम अशी वेगळी पाडून घ्या. दिलासा एवढाच की मालमत्ता मुळात दीर्घकाळ धरलेली असेल, तर घसारा घेतला म्हणून गुंतवणुकीची सूट नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये एका बिल्डर कंपनीच्या प्रकरणात म्हटलंय. म्हणजे बांधकामाच्या नफ्यावर बाँडनं वाचणारा कर जास्त, आणि तेवढ्यापुरती सीएची बाजू आणखी भक्कम. हा मुद्दा सीएपुढं काढाच. त्यानं ५० लाखांचा आकडा कसा काढला, तेही त्यात कळेल.

सरकारनं एखाद्या प्रकल्पासाठी जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली असती, तर मोबदल्यावर आयकरच नसता. मोबदला मिळाल्या मिळाल्या बाँडमध्ये पैसे घातलेले शेतकरी मी पाहिलेत. फुकट पाच वर्षं अडकले. तुमची खासगी विक्री आहे, तुम्हाला हे लागू नाही. पण ओळखीत कुणाची जमीन रस्त्यात किंवा रेल्वेत गेली असेल तर सांगा त्यांना.

बाँड घ्यायचे ठरले तर तारखा सांभाळा. सहा महिने म्हणजे खरेदीखताच्या दिवसापासून सहा महिने, मार्चअखेरशी त्याचा संबंध नाही. नोव्हेंबरात विकलंत, तर मेपर्यंत वेळ आहे. थोडे मार्चआधी आणि थोडे एप्रिलनंतर घेऊन दोन आर्थिक वर्षांची दुप्पट मर्यादा मिळवायची जुनी युक्ती आता चालत नाही, दोन्ही मिळून ५० लाखच. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. चेक वटायला उशीर झाला आणि तारीख हुकली तर पुढं अपिलात वर्षं जातात. आणखी एक : विक्रीची सगळी रक्कम गुंतवायची नसते, नफ्याएवढीच.

तुमच्यासारख्या धंदेवाल्यानं सगळ्यांत जास्त जपायचं ते पुढं. हे बाँड पाच वर्षं विकता येत नाहीत आणि तारण ठेवून त्यावर कर्जही काढता येत नाही. कर्ज काढलंत की कायदा बाँड मोडले असं समजतो आणि माफ झालेला कर त्या वर्षी परत मागतो. पुढच्या सीझनला सीसीची मर्यादा वाढवायला जाल, तेव्हा शाखेतला एखादा नवा अधिकारी सहज म्हणेल, "ते पन्नास लाखांचे बाँड आहेत ना तुमच्याकडं, ते ठेवा की तारण." नाही म्हणायचं. त्याला बिचाऱ्याला माहीत नसतं.

पैसे बुडतील का? आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्या आहेत, मानांकन सर्वोच्च आहे. तरी एक लक्षात असू द्या, या बाँडांवर केंद्र सरकारची थेट लेखी हमी नाही. सरकार आपली कंपनी बुडू देणार नाही, हा विश्वास आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे. पण नुसतं मानांकन बघून डोळे मिटू नयेत. आयएल अँड एफएस ही पायाभूत सुविधांतली मोठी वित्तसंस्था २०१८ च्या ऑगस्टपर्यंत 'ट्रिपल ए', म्हणजे सर्वोच्च मानांकनाची होती आणि सप्टेंबरमध्ये तिची देणी थकली. कर्ज नव्वद हजार कोटींच्या वर. तिच्या रोख्यांत पैसे अडकलेल्यांत अनेक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे भविष्य निर्वाह निधी होते.

सरकारी नावातही वेगळ्या तऱ्हेची चकवाचकवी होऊ शकते. १९९३ मध्ये गुजरातच्या सरदार सरोवर निगमनं ३,६०० रुपयांचा बाँड काढला होता, वीस वर्षांनी १,११,००० देण्याच्या बोलीवर. लोकांनी मुलींच्या लग्नासाठी, शिक्षणासाठी घेऊन ठेवले. मग बाजारातले व्याजदर उतरले, निगमला ती बोली महाग पडायला लागली आणि २००८ मध्ये राज्यानं कायदाच करून मुदतीआधी ५०,००० देऊन बाँड परत घ्यायचा अधिकार निगमला दिला. पैसे बुडाले नाहीत, पण लाखाची आशा गेली. तेव्हा लांब मुदतीचा कुठलाही बाँड घेताना 'मुदतीआधी परत घ्यायचा हक्क कुणाकडं आहे' ही ओळ आधी शोधायची. तुमच्या ५४ ईसीच्या बाँडला ही भीती जवळपास नाही, मुदत पाचच वर्षांची.

आता पुतण्याचे अकरा टक्के. मुलगा चौकस आहे, त्याला रागावू नका. पण त्या ॲपवर 'इन्फ्रा' लिहिलेले बहुतेक कागद खासगी कंपन्यांचे किंवा बँकेतर वित्तसंस्थांचे असतात. त्यांत पैसे घातल्यानं भांडवली नफ्याचा एक रुपयाही कर वाचत नाही, कारण ५४ ईसीची यादी सरकारनं ठरवलेली आहे आणि ती वर दिलीय. मग उरतं नुसतं व्याज, आणि आरईसीला सात टक्क्यांनी पैसा मिळत असताना एखादी कंपनी अकरा का देते, हे पुतण्यालाच शोधून काढायला सांगा. माहितीपत्रकात तीन गोष्टी बघायला लावा : मानांकन काय, कर्ज तारणी की बिनतारणी, आणि कंपनीनं गेल्या वर्षी जुनं कर्ज फेडायला नवं किती काढलं.

रस्त्यातच पैसा घालायची हौस असेल, तर महामार्ग प्राधिकरणाच्या इन्व्हिटनं, म्हणजे टोलरस्त्यांच्या गुंतवणूक ट्रस्टनं, ऑक्टोबर २०२२ मध्ये लोकांसाठी रोखे काढले होते. किमान १०,००० रुपये आणि सुमारे ८.०५ टक्के व्याज. ते शेअर बाजारात मिळतात, मात्र रोज मिळतील आणि हव्या त्या भावात मिळतील असं नाही. बाजारात व्याजदर वाढले की त्यांचा भाव पडतो, हेही पुतण्याला आधीच सांगा. हौस त्याच्या स्वतःच्या पैशातून. फर्मच्या या पन्नास लाखांतून नाही.